एक पुस्तक, चौसष्ट फ्लॅट

डिसेंबर २०२४. दुपारचे बारा. एफसी रोडवर ‘वैशाली’च्या बाहेर नेहमीचं वेटिंग. फरक एवढाच, की त्या दिवशी अर्धं वेटिंग मान खाली घालून चक्क वाचत होतं. मोबाइल नाही हं, पुस्तकं!

‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ हा त्या दिवसाचा फंडा. पुणे पुस्तक महोत्सवाच्या तोंडावर अख्ख्या शहराने बारा ते एक, असाल तिथे बसायचं आणि हातातलं पुस्तक वाचायचं. शाळा, कॉलेजं, ऑफिसं, सगळीकडे. मी त्यावर आठशे शब्द लिहायला निघाले होते आणि माझ्या बॅगेत काय होतं? चार्जर, लिप बाम, स्कूटीच्या इन्शुरन्सचं बुकलेट. लाज वाटली म्हणून तेच उघडून उभी राहिले. क्लॉज सात भलताच थरारक आहे, सांगेन कधीतरी.

माझ्या डावीकडच्या मुलाकडे शेअर मार्केटमधून श्रीमंत होण्याचं पुस्तक होतं. उजवीकडच्या काकूंकडे दिवाळी अंक. पलीकडे एमपीएससीवाला एक जण, त्याचं ते विटेएवढं पॉलिटी घेऊन. एक वाजला, पुस्तकं मिटली. मी पत्रकारितेच्या धर्माला जागून शेजारच्याला विचारलं, “काय वाचलंस?”

“चॅप्टर फोर.”

संवाद समाप्त. सगळे आपापल्या डोशाकडे.

तासभर एकत्र वाचूनही आमच्यात बोलण्यासारखं काही तयारच झालं नव्हतं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलं असतं तर? ही आयडिया डोक्यात घोळवत घरी आले आणि बरोबर तिथेच फसले.

आमची सोसायटी कर्वेनगरात. रिडेव्हलपमेंट झालेली. ए विंगमध्ये जुने सभासद, बी विंगमध्ये नवे फ्लॅट. त्यातले बरेचसे भाड्याने, आणि भाडेकरू कोण? नांदेड, लातूर, इंदूर, कोचीहून आलेली आयटीतली पोरं-पोरी आणि मी. माझी रूममेट नांदेडची, मी सांगलीची. आमच्या घरमालकांचं तोंड आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं.

दर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आमच्याकडे सत्यनारायण झाल्यासारखा एक कार्यक्रम होतो. कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, लहान मुलांचे श्लोक, वडापाव. २०२५ साली सेक्रेटरीकाकांना काहीतरी ‘हटके’ हवं होतं. लिफ्टमध्ये मी माझी आयडिया बोलून गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी पुस्तक निवड समितीवर होते.

त्याच लिफ्टमध्ये, काकांच्या डोक्याच्या बरोबर मागे, एक नोटीस चिकटवलेली होती. मार्चमध्ये स्पेशल जनरल बॉडी. विषय क्रमांक ३ : बॅचलर्सना फ्लॅट भाड्याने देण्यास मनाई करणे. आम्हाला मत नव्हतंच, भाडेकरूंना नसतं. आमच्यासाठी हात वर करणार कोण, तर ज्यांनी आमच्याकडे अजून एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही असे लोक.

एका पुस्तकाने ठराव पडतो असं मला वाटलं होतं का? वाटलं होतं थोडंसं. मासकॉमची डिग्री आहे, असल्या समजुती तिथेच होतात.

तर शोध सुरू. पहिला स्टॉप अर्थातच फर्ग्युसन कॉलेजचं मैदान. नॅशनल बुक ट्रस्टचा हा पुस्तक महोत्सव इथे २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. धूळ, गर्दी, सेल्फी, पिशव्या. कोण म्हणतं पुणेकर पुस्तक विकत घेत नाहीत? २०२३ ला याच महोत्सवाच्या निमित्ताने एसपी कॉलेजमध्ये ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली होती आणि चीनच्या नावावरचा गिनेस रेकॉर्ड पुण्यात आणला होता. म्हणजे सगळ्यांनी मिळून वाचायची हौस आपल्याला आहे. पण रेकॉर्डला आकडा लागतो. दुसऱ्या दिवशी त्या गोष्टीवर कोण कोणाशी काय बोललं, हे मोजायला गिनेसवाले थांबत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडा झाला. कॉलेजांत सामूहिक वाचन, परीक्षण, लेखकाशी गप्पा. माझा मामेभाऊ इंजिनीअरिंगला आहे. त्याला विचारलं, काय वाचलं? म्हणाला, “ताई, लायब्ररीत बसवलं, कपाटातून जे हाताला लागलं ते उघडलं, फोटो काढला, अपलोड केला.” त्याच्या हाताला लागलं होतं ‘फ्लुइड मेकॅनिक्स’. असो.

एकच पुस्तक निवडून अख्ख्या गावाने वाचायचं, ही टूम मूळची अमेरिकेतली, सिएटलची. १९९८ मध्ये नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाईंनी ती काढली. पहिलं पुस्तक रसेल बँक्सची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. शाळेच्या बसला अपघात होतो आणि अख्खं गाव आपापल्या पद्धतीने दुःखाशी झुंजतं, अशी गोष्ट. २००१ मध्ये शिकागोने ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ घेतलं आणि मग शहराशहरांत लाटच आली. आता खरी मजा ऐका. २००२ मध्ये न्यूयॉर्कलाही करायचं होतं. समिती बसली. एक गट म्हणाला चँग-रे ली यांचं ‘नेटिव्ह स्पीकर’, दुसरा म्हणाला जेम्स मॅक्ब्राइड यांचं ‘द कलर ऑफ वॉटर’. हे पुस्तक घेतलं तर अमुक लोक दुखावतील, ते घेतलं तर तमुक. शेवटी भांडणात एकमत काही झालं नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या शहराला एक पुस्तक ठरवता आलं नाही, हे वाचून मला आमच्या सोसायटीबद्दल एकदम माया वाटली.

कॅम्पसवरही तेच. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल कॅम्पसने नव्या विद्यार्थ्यांना कुराणावरचं मायकेल सेल्स यांचं पुस्तक वाचायला दिलं. ११ सप्टेंबरला वर्ष व्हायचं होतं. प्रकरण थेट कोर्टात! कोर्टाने उपक्रम थांबवायला नकार दिला. विद्यापीठाने मात्र एक पळवाट ठेवली होती. वाचायचं नसेल तर नका वाचू, पण का वाचणार नाही हे एका पानात लिहून आणा. मला ही पळवाट जाम आवडली. आमच्याकडे ‘वेळ नाही’ एवढंच लिहून आलं असतं म्हणा.

शनिवारी सकाळी अप्पा बळवंत चौक. गाडी लावायला जागा मिळणं हेच तिथलं पहिलं पारितोषिक. गाइडं, जर्नलं, प्रश्नसंच, आईचं बोट धरून आलेली पोरं, आणि मध्येच एखादं दुकान साहित्याचं. मी माझी यादी वाचायला लागले. काउंटरवरच्या काकांनी मला अर्ध्यावर तोडलं.

“किती कॉप्या पाहिजेत?”

“वीस तरी.”

“मग यादी माझ्याकडून घ्या.”

हा साक्षात्कार होता! इतके दिवस मी ‘ग्रेट पुस्तक कोणतं’ यावर डोकं फोडत होते. काकांचं म्हणणं साधं : वीस प्रती आज मिळतील का, जाडी किती, किंमत किती, अक्षर म्हाताऱ्या माणसाला दिसेल का. माझ्या यादीतली निम्मी पुस्तकं एकतर दोन-तीन प्रतींपुरती शिल्लक होती किंवा ‘येईल, पुढची आवृत्ती येईल’ या पुणेरी अनंतकाळात गेलेली. राहिलेल्यातली काही एवढी जाड, की बी विंगच्या पोरांनी ती लॅपटॉप स्टँड म्हणून वापरली असती.

तिथून चालत बुधवार पेठेत. पुणे नगर वाचन मंदिर. १८४८ मध्ये ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेलं, लोकहितवादींचा हात असलेलं वाचनालय. आणि त्याच १८४८ साली, तिथून हाकेच्या अंतरावर भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. एकाच पेठेत, एकाच वर्षी एक वाचनालय आणि एक शाळा. म्हणजे वाचणाऱ्यांची सोय झाली त्याच वर्षी, ज्यांना वाचूच दिलं नव्हतं त्यांचीही सुरुवात झाली. शिवाजी रोडच्या हॉर्नच्या कल्लोळात उभं राहून मी हा विचार करत होते आणि मागून एक रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, विचार घरी.”

पण विचार काही सुटेना. कारण फुल्यांचीच पुढची गोष्ट. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी पुढाकारात. फुल्यांना बोलावणं गेलं. त्यांनी पत्र लिहून कळवलं, येणार नाही. जे दुसऱ्याला माणसाचे हक्क खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा मतलब. पुस्तक निवडणारी प्रत्येक समिती ‘आपल्या सगळ्यांसाठी’ निवडते. ‘आपल्या’त कोण कोण धरलंय, हे ते पत्र एकशे चाळीस वर्षांपूर्वी विचारून गेलंय.

अमेरिकेचं उगाच कौतुक नको, हे मला आईने फोनवर ऐकवलं. “आमच्या गावात काय होतं मग?” बरोबर की! पारायण. सप्ताह बसला की सात दिवस अख्खं गाव ज्ञानेश्वरी वाचतं. श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. बायका वाती वळता वळता ऐकतात, पोरं प्रसादासाठी ऐकतात. बुद्धविहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असाच वाचला जातो, रोज थोडा थोडा. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ चा. तेव्हापासून किती वस्त्यांनी तो मिळून वाचला असेल! तिथे कोणतं पुस्तक घ्यायचं यावर मीटिंग लागत नाही. आमची गोची हीच, की आमच्या चौसष्ट घरांना बांधून ठेवणारं एकच पुस्तक म्हणजे मेंटेनन्सचं पावतीबुक.

पण पारायणातून एक गोष्ट मी उचलली. प्रत्येकाने आपापल्या घरी वाचायचं नाहीच. मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणजे चष्मा सापडत नाही, मराठी वाचता येत नाही, वेळ नाही, सगळ्या सबबी खल्लास.

समितीची मीटिंग ए विंगच्या पार्किंगमध्ये. आम्ही पाच जण : सेक्रेटरीकाका, निवृत्त मराठीच्या बाई (सगळे त्यांना बाईच म्हणतात), बी विंगमधला जिमवाला, चौथ्या मजल्यावरच्या तमिळ वहिनी, आणि मी.

काका म्हणाले, ‘श्यामची आई’. बाई म्हणाल्या, सगळ्यांचं वाचून झालंय. जिमवाला म्हणाला, कोणाचंच झालेलं नाही, सगळ्यांनी फक्त तसं सांगितलंय. दोघंही बरोबर असावेत.

मी ‘कोसला’ काढली. भालचंद्र नेमाड्यांची, १९६३ ची. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, होस्टेल, मेस, पैसे, एकटेपणा. बी विंगची अख्खी कुंडली. काका म्हणाले, “अहो, पण त्यात घडतं काय?” तेवढ्यात बाईंनी तिची एवढी तारीफ केली, की जिमवाल्याला ती सिलॅबसमधली वाटली आणि विषय संपला.

मग मी ‘बलुतं’ म्हटलं. दया पवार, १९७८. पार्किंगमध्ये क्षणभर फक्त पाण्याच्या टाकीची मोटर ऐकू आली. “चांगलंच आहे,” काका म्हणाले, “पण जरा... जड होईल. लहान मुलं असतात.” बाई काहीच बोलल्या नाहीत. तमिळ वहिनींनी विचारलं, कशाबद्दल आहे? मी सांगायला तोंड उघडलं. मग म्हटलं, मार्चमध्ये ठराव आहे, आत्ताच कुठे भांडण. “ठीक आहे, बघू नंतर,” मी म्हणाले.

म्हणजे मी अगदी न्यूयॉर्कच्या समितीसारखीच वागले. फुल्यांचं पत्र ज्यांना उद्देशून होतं, त्यांच्यासारखीही. दोन आठवडे पेठेत हिंडून एवढंच कमावलं होतं.

‘बनगरवाडी’ बाईंनी सुचवली. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. चला, बारीक पुस्तक! थाळीच्या पैशात येतं. इंग्रजी अनुवाद आहे, ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमाही आहे, ज्यांना फक्त तेवढंच जमेल त्यांच्यासाठी. एबीसीतल्या काकांकडे प्रती होत्या. सगळी टिकमार्क झाली आणि पाच मिनिटांत ठरलं. खरं सांगायचं तर मी ती तेव्हा वाचलेली नव्हती. मान मात्र जोरात हलवली.

त्या रात्री वाचायला घेतली आणि दोन वाजता उठून बसले. एक तरुण, बिनलग्नाचा मास्तर. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एकटा येतो. ओळखीचं कोणी नाही. शाळेत पोरं नाहीत. गावाला हा माणूस हवा आहे की नको, हेच गावाला ठरवता येत नाही. पुढे एकीला चोळी शिवून आणून देण्याच्या साध्या कामावरून गैरसमज होतो आणि ज्या कारभाऱ्याने त्याला आधार दिला, तोच फिरतो. परगावचा, एकटा, जवान पोरगा. विषय क्रमांक ३!

बाईंना सकाळी जिन्यात गाठलं. “तुम्ही मुद्दाम?” त्या म्हणाल्या, “अगं, मी बत्तीस वर्षं शिकवलंय. मुद्दामच असतं सगळं.”

२१ ते २७ फेब्रुवारी, रोज रात्री नऊ ते साडेनऊ, ए विंगचं पार्किंग. सतरंज्या, गणपतीतला माइक. एवढ्या वेळात अख्खी कादंबरी बसणार नव्हती, म्हणून बाईंनी खुणा करून भाग निवडले. पहिल्या रात्री अकरा माणसं, त्यातली पाच समितीचीच. दुसऱ्या रात्री बाईंचा घसा बसला म्हणून माझ्या रूममेटने वाचलं. तिची मराठवाड्याची मराठी, ‘करू लालाव’वाली. लोक आधी हसले. मग ऐकायला लागले, कारण कागदावरची माणदेशी बोली तिच्या तोंडून बाईंपेक्षा खरी वाटत होती. पहिल्या मजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन पुढे सरकल्या. त्यांना कमी ऐकू येतं. त्या मूळच्या आटपाडीकडच्या निघाल्या, माडगूळकरांच्याच मुलखातल्या. साठ वर्षं पुण्यात राहून ते त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. रूममेट वाचता वाचता अडली की आजी शब्द सांगायच्या. कोचीचा पोरगा तमिळ वहिनींच्या शेजारी बसून इंग्रजी प्रतीत बोट फिरवायचा. ती प्रत माझ्या मैत्रिणीच्या बाबांच्या कपाटातली, पानं पापडासारखी.

चौथ्या रात्री चोळीचा भाग आला. पार्किंगमध्ये चाळीसेक माणसं होती. वाचत होता जिमवाला. काका दुसऱ्या रांगेत, हाताची घडी. कोणी कोणाकडे बघेना. संपल्यावर सगळ्यांत आधी आजी बोलल्या, मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्या माणसांसारख्या, “त्या पोराचं काय चुकलं होतं गं?” उत्तर कोणीच दिलं नाही. काकांनी सतरंज्या गोळा करायला घेतल्या.

शेवटच्या रात्री दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. माणसं मेंढरं घेऊन जगायला निघतात. मास्तरही जातो. त्यानंतर वडापाव होते, पण बराच वेळ कोणी उठलं नाही. आजींनी रूममेटला विचारलं, “तुझ्या गावाला पाऊस असतो का बरा?” पुढे अर्धा तास त्या दोघी लातूर-नांदेडच्या टँकरबद्दल बोलत होत्या. चॅप्टर फोर म्हणून सुटका नव्हती.

मार्चची मीटिंग. आम्ही बाहेर जिन्यात. ठराव मनाईचा होता तो थोडा बदलून पास झाला : बॅचलर्सना परवानगी, पण पोलीस व्हेरिफिकेशन, घरमालकाचं हमीपत्र आणि रात्री अकरानंतर गेस्ट नाहीत. काकांचं मत आमच्या विरोधात गेलं, असं कळलं. सातही रात्री ते हजर होते. आजींनी दोन्ही हात वर केले होते म्हणे, आणि कशासाठी ते त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. जिमवाल्याने मात्र भांडून ‘मनाई’ हा शब्द काढायला लावला. माझं ॲग्रीमेंट रिन्यू झालं. कोचीचा पोरगा मे महिन्यात वाकडला शिफ्ट झाला. तिथून हिंजवडी जवळ पडते, असं त्याने सांगितलं. ती जुनी इंग्रजी प्रत त्याच्याकडेच राहिली. मैत्रिणीच्या बाबांना मी अजून तोंड दाखवलेलं नाही.

आता पुढच्या पुस्तकासाठी समिती पुन्हा बसतेय. लोकांनाच हवंय, काकांनी ग्रुपवर टाकलंय, ‘सूचना पाठवाव्यात’. बावीस सूचना आल्यात. त्यातल्या सहा पुस्तकांच्या आहेत, बाकीच्या लिफ्टच्या.

काल बाईंकडे चहाला गेले होते. कपाटात ‘बलुतं’ दिसलं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. “मागच्या वेळी बोलला का नाहीत?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तू का गप्प बसलीस, ते आधी सांग.” मग दोघींनी बराच वेळ चहा ढवळला. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. एबीसीत वीस प्रती मिळतील का, ते उद्या बघायचंय.